ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स खरंच गेलाय का? बॉक्स उतरवण्याआधीच्या तपासण्या

ऑटोमॅटिक गाडीने दोन-चार हिसके दिले किंवा सिग्नलला गिअर पडायला वेळ लावला, की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "बॉक्स गेलाय साहेब, उतरवावा लागेल." बॉक्स उतरवायचा म्हणजे गाडी बरेच दिवस अडकली आणि खर्च सहज लाखाच्या घरात गेला. कधीकधी बॉक्स खरोखरच गेलेला असतो. पण थकलेली बॅटरी, ब्रेक पेडलमागचा स्वस्तातला स्विच, फाटलेलं इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं तो रबरी आधार) किंवा कमी झालेलं तेल यांची लक्षणंही हुबेहूब तशीच दिसतात. म्हणून तपासणी बाहेरून आत करत जायची. स्वस्त आणि काही न खोलता तपासता येईल ते आधी, बॉक्सला पाना लावणं सगळ्यात शेवटी.

आधी कळू द्या, तुमच्या गाडीत कोणता बॉक्स आहे

"ऑटोमॅटिक" या एकाच नावाखाली आपल्याकडे चार निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात. एकीची चाचणी दुसरीवर केली तर चांगला बॉक्सही बिघडेल.

एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ड्रायव्हरऐवजी एक यंत्र करतं. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून तो भारतात आला आणि कमी किमतीच्या गाड्यांत पसरला. ओळख सोपी आहे: लिव्हरवर सहसा "पी" नसतो. टॉर्क कन्व्हर्टरवाला बॉक्स हा जुना, खरा ऑटोमॅटिक. इंजिन आणि बॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेलं कन्व्हर्टर असतं. इनोव्हा क्रिस्टाच्या ऑटोमॅटिक गाड्या, २०२२ नंतरची ब्रेझा आणि एर्टिगा यांत हा मिळेल. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतातच, दोन पुलींमधून स्टीलचा पट्टा फिरतो. होंडा सिटी, अमेझ आणि टर्बो मॅग्नाइट या त्यातल्या. डीसीटी किंवा डीएसजीमध्ये दोन क्लच असतात. २०२० आधीची पोलो जीटी टीएसआय, ह्युंदाई-कियाच्या टर्बो पेट्रोल गाड्या, टाटा अल्ट्रोजची डीसीए आवृत्ती हे या घराण्यातले.

गाडीच्या नावावरून मात्र अंदाज बांधू नका. बलेनोत आधी सीव्हीटी होता, २०२२ च्या बदलानंतर एएमटी आला. व्हर्टस आणि टायगुनमध्ये १.० लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर आहे, १.५ ला डीएसजी. गाडीसोबतचं मॅन्युअल उघडून बघा, वाद तिथेच मिटतो.

बॉक्स कळला की त्याचा स्वभाव कळतो, आणि निम्म्या तक्रारींचा निकाल लागतो. एएमटी गिअर बदलताना क्षणभर दम खाते आणि मान पुढे जाते. हा दोष नाही. सीव्हीटीत एकदम एक्सलेटर दाबला की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो. तोही दोष नाही. कोरड्या क्लचची (म्हणजे क्लच तेलात बुडालेले नसलेली) डीसीटी गाडी बंपर-टू-बंपर रांगेत थोडी अडखळते. मॅन्युअलवरून पहिल्यांदा ऑटोमॅटिकवर आलेले बरेच जण या गोष्टी घेऊन सर्व्हिस सेंटर गाठतात. मग सोपी कसोटी अशी की हे आधीपासून असंच होतं की अलीकडे बदललं? बदललं असेल तरच पुढे वाचा.

तक्रार कागदावर उतरवा

"गाडी झटके मारते" एवढ्या वाक्यावर कोणताही मेकॅनिक दोष शोधू शकत नाही. झटका नेमका कधी बसतो? सकाळी थंड गाडीला की अर्ध्या तासाने, इंजिन तापल्यावर? उभ्या गाडीत "एन"वरून "डी" टाकताना, की चालताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना? "आर"मध्ये होतं का? एक्सलेटर दाबलेला असताना की सोडताना? डॅशबोर्डवर काही दिवा लागला का, गिअरचं अक्षर लुकलुकलं का? पाऊस, धुलाई, बॅटरी बदलणं, दुसऱ्या गॅरेजमधलं काम, यातलं काही आदल्या दिवसांत झालं होतं का?

थंड-गरम या फरकाला फार किंमत आहे. थंडीत घसरणारा आणि तापल्यावर सुधारणारा बॉक्स बहुधा आतल्या कडक झालेल्या सीलांकडे बोट दाखवतो. थंडीत नीट आणि तापल्यावर घसरणारा असेल, तर पातळ झालेलं तेल आतून गळतंय, पंप थकलाय किंवा क्लच झिजलाय असा संशय घ्यायचा. कोणत्या गिअरला त्रास होतो त्यावरून आतला कोणता भाग असेल हेही सांगता येतं, ते पुढे येईलच. शक्य असेल तर शेजारी बसलेल्याला मोबाइलवर मीटरचं चित्रीकरण करायला सांगा. आरपीएमचा काटा उडाला पण वेग वाढला नाही, हे एका चित्रफितीतून जितकं कळतं तितकं अर्ध्या तासाच्या वर्णनातून कळत नाही.

बॉक्सच्या बाहेरचे संशयित

पहिली बॅटरी. एएमटी आणि डीसीटीत पंप, मोटर, सोलेनॉइड (तेलाची वाट उघडबंद करणारे विजेचे व्हॉल्व्ह) सगळे विजेवर चालतात. व्होल्टेज पडलं की बॉक्सचा संगणक गोंधळतो आणि दोष बॉक्सवर येतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा, १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. स्टार्टर फिरताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी संपत आलीय. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर मधूनमधून त्याहून कमी दाखवतो, ते ठीक आहे. बॅटरीचे टर्मिनल आणि बॉक्सपासून बॉडीपर्यंतची अर्थिंगची पट्टी यांवर गंज असेल तर घासून घट्ट करा. कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ही पट्टी मुद्दाम बघावी.

दुसरा ब्रेकचा स्विच. लिव्हर "पी"मधून हलत नाही किंवा एएमटी गाडी स्टार्टच होत नाही, अशा तक्रारीत संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि ब्रेक दाबा. भिंतीवर लाल उजेड पडला नाही, तर गाडीला ब्रेक दाबल्याचं कळतच नाहीये. कधी हा स्विच अधूनमधून दगा देतो, म्हणून पेडल हळू, जोरात, अर्धवट असं दहा वेळा दाबून बघा. अनेक गाड्यांत लिव्हरच्या शेजारी एक छोटं झाकण असतं. त्याखालची कळ दाबून लिव्हर हाताने सोडवता येतो. अडकलेल्या वेळी हे माहीत असलेलं बरं.

तिसरी लिव्हरची केबल आणि रेंज स्विच, म्हणजे लिव्हर कुठे आहे हे संगणकाला सांगणारा स्विच. गाडी "पी"मध्ये स्टार्ट होत नाही पण "एन"मध्ये होते, किंवा लिव्हर "डी"वर असताना डॅशबोर्डवर दुसरंच अक्षर दिसतं, तर आतल्या क्लचचा विचार करायचंही कारण नाही. केबल सरकलीय किंवा स्विच बिघडलाय.

चौथं इंजिन माउंटिंग. "डी" किंवा "आर" टाकताना धाडकन आवाज येतो त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. बॉनेट उघडा, गाडीत कुणी जाणत्याला बसवा, हँडब्रेक ओढून ब्रेक पूर्ण दाबून ठेवायला सांगा आणि "डी"-"आर"-"डी" करायला सांगा. तुम्ही बाजूला उभं राहायचं, गाडीच्या समोर कधीही नाही. इंजिन जागेवर किंचित झुकणं ठीक. उचलून आपटत असेल तर रबर फाटलंय.

पाचवं म्हणजे इंजिनच. प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तर वरच्या गिअरमध्ये चढणीवर गाडी थरथरते आणि ती थरथर गिअरबॉक्सची वाटते. स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणाऱ्या यंत्रावर) पी०३०० ते पी०३०४ यांपैकी दोषाचा कोड मिळाला तर आधी इंजिन दुरुस्त करा. घुं-घुं असा आवाज वेगाबरोबर वाढत असेल आणि रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकी डावी-उजवीकडे वळवताना बदलत असेल, तर ते चाकाचं बेअरिंग. सीव्हीटीवाल्यांनी हे तपासल्याशिवाय बॉक्सच्या आवाजाबद्दल एक पैसाही खर्च करू नये.

स्कॅनर: कोड पुसण्याआधी वाचा

स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं, स्कॅनर तिथेच जोडतात. २०१३ नंतरच्या गाड्यांत तर नक्कीच. त्याला लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर स्वस्तात मिळतो, पण त्याची मर्यादा ओळखा. स्वस्त अ‍ॅप बहुधा फक्त इंजिनाचा संगणक वाचतं. तिथे पी०७०० दिसला म्हणजे एवढाच निरोप की "बॉक्सच्या संगणकात काहीतरी नोंदलंय, तिकडे बघा." पी०७०० हा स्वतः दोष नाही. तो पाहून बॉक्स उतरवायचा सल्ला देणाऱ्याकडून गाडी सरळ परत आणा. बॉक्सच्या संगणकापर्यंत पोचणारा स्कॅनर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे किंवा चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतो.

कोड मिळाले की आधी फोटो काढा. त्यासोबत "फ्रीझ फ्रेम" असते, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान. कोड पुसला की हीही जाते. "आधी क्लिअर करून बघू" म्हणत पुरावा पुसून टाकण्याची घाई हाच या धंद्यातला माझ्या मते सगळ्यात महागडा शिष्टाचार आहे.

आता कोडचा अर्थ. पी०७०५ हा रेंज स्विचचा. पी०७१५ बॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टच्या वेगाचा सेन्सर, पी०७२० बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा. हे दोन्ही सेन्सर किंवा त्यांची वायरिंग बिघडली तरी गाडी हिसके देते आणि एकाच गिअरवर अडकते. बऱ्याच बॉक्सांत ते बाहेरून बदलता येतात. पी०७३० आणि त्याच्या पुढचे पी०७३१, पी०७३२ वगैरे सांगतात की शिरणारा वेग आणि निघणारा वेग यांचं गणित जुळत नाही. म्हणजे त्या गिअरमध्ये काहीतरी घसरतंय, किंवा सेन्सर खोटं बोलतोय. शेवटचा आकडा गिअरचा असतो, पी०७३३ म्हणजे तिसरा. पी०७४० आणि पी०७४१ टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या लॉकअप क्लचबद्दल, म्हणजे स्थिर वेगाला इंजिन आणि बॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचबद्दल. पी०७५० पासून पुढे शिफ्ट सोलेनॉइड. पी०२१८ म्हणजे बॉक्स तापला. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. हा बाकी पाच-सहा कोडसोबत आला तर आधी बॅटरी बदला आणि बाकीचे परत येतात का ते बघा.

सोलेनॉइडचा कोड आला म्हणून सोलेनॉइडच गेला असं नाही. कनेक्टर काढून मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजता येतो. टोयोटाच्या अनेक बॉक्सांत चालू-बंद होणाऱ्या साध्या सोलेनॉइडचा आकडा ११ ते १५ ओहम असतो आणि दाब कमी-जास्त करणाऱ्याचा साधारण ५. तुमच्या बॉक्सचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. आकडा बरोबर आला तर दोष वायरिंगमध्ये, कनेक्टरमधल्या तेल-पाण्यात किंवा अडकलेल्या व्हॉल्व्हमध्ये शोधायचा.

तेल

टॉर्क कन्व्हर्टर बॉक्सला डिपस्टिक असेल तर तपासणी घरी होते. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून तापवा, सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवा आणि परत "पी"वर आणा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक बघतात. जुन्या होंडांत इंजिन बंद करून लगेच. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच करायचं, कारण चुकीच्या पद्धतीने बघितलं तर बरोबर असलेली पातळीही कमी दिसते आणि मग जास्तीचं तेल भरलं जातं. जास्तीच्या तेलाला फेस येतो आणि फेसाने दाब पडतो.

नव्या गाड्यांत बहुधा डिपस्टिक नसते. तिथे गाडी लिफ्टवर सपाट उचलून, तेलाचं तापमान स्कॅनरवर बघत, ठरावीक अंशांच्या टप्प्यात बगलेचा किंवा खालचा बोल्ट उघडून पातळी जुळवतात. तापमान न बघता "अंदाजे भरलंय" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

रंग आणि वास बघा. बरीचशी तेलं नवी असताना लाल-गुलाबी असतात, पण सगळी नाही. सीव्हीटीची तेलं वेगळ्या रंगांची असतात. तपकिरी झालेलं तेल जुनं आहे, एवढंच. काळं आणि जळकट वासाचं तेल म्हणजे आत क्लचचं अस्तर जळतंय. रूहअफजात दूध ओतल्यासारखं दुधी गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधला तेल-कूलर फुटून कूलंट बॉक्समध्ये शिरलंय. इंजिन त्याच क्षणी बंद करा आणि गाडी उचलून न्या, कारण कूलंट क्लचचं अस्तर सुटं करतं.

पॅन उघडला असेल तर आतलं चुंबक बघायला थांबा. त्यावर राखाडी, बोटाला गुळगुळीत लागणारा लेप असतो. तो नेहमीच्या झिजेचा आहे. टोचणारे तुकडे, चकाकणारा चुरा किंवा काळे पापुद्रे मिळाले तर मात्र बॉक्स उघडायची वेळ आली. इथे "बॉक्स गेलाय" हे वाक्य खरं ठरतं.

आणि एक: घसरणाऱ्या बॉक्सला नवं तेल घालून तो बरा होत नाही. तेल बदलणं ही आजार होण्याआधीची गोष्ट. पॅनमधून काढून भरलं तर टॉर्क कन्व्हर्टरमधलं जुनं तेल आत राहतंच, म्हणून एका वेळेत सगळं तेल बदललं जात नाही. तेल मात्र कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाचंच हवं, विशेषतः सीव्हीटीला. होंडाला एचसीएफ-२ लागतं, निस्सानला एनएस-३. "सगळ्याला चालतं" असं लिहिलेला डबा पट्टा आणि पुली खाऊ शकतो.

रस्त्यावरची चाचणी

सकाळी, गर्दी सुरू होण्याआधी, सोबत एक माणूस घेऊन निघा. गाडी रात्रभर थंड झालेली हवी.

उभ्या गाडीत ब्रेक दाबून "एन"वरून "डी" टाका आणि गाडीने ओढ घेईपर्यंतचा वेळ मोजा. टॉर्क कन्व्हर्टर बॉक्सला सव्वा सेकंदाच्या आत ओढ यायला हवी, "आर"ला दीड सेकंदाच्या आत. टोयोटाच्या मॅन्युअलमध्येही आकडे याच आसपास आहेत. फक्त "डी"ला उशीर होतो, फक्त "आर"ला, की दोन्हीला, हे लिहून ठेवा. पुढचे गिअर घसरतात पण रिव्हर्स दमदार आहे, तर पुढे जाण्यासाठीचा क्लच संशयित. दोन्हीकडे ओढच नाही, तर तेल, पंप, सुटलेली केबल किंवा तुटलेला ड्राइव्हशाफ्ट. यातल्या पंप सोडून बाकी तीन गोष्टी बॉक्स न उतरवता दिसतात.

मग हलक्या पायाने साठपर्यंत जा. प्रत्येक गिअर पडताना काटा खाली येतो. काटा आधी वर उडून मग खाली आला तर तो गिअर पकड घ्यायला उशीर करतोय. पुढे सत्तर-ऐंशीच्या स्थिर वेगावर एक्सलेटर तसाच ठेवा. खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर मागे कुणी नाही हे बघून ब्रेकला नुसता स्पर्श करा. टॉर्क कन्व्हर्टर गाडीत त्या स्पर्शाने लॉकअप सुटतं आणि आरपीएम थोडा वाढतो. थरथर थांबली तर दोष लॉकअपकडे. तशीच राहिली तर प्लग-कॉइलकडे परत जा.

गाडी तापली की चढण शोधा. नाशिककरांना कसारा, पुणे-साताऱ्याच्या लोकांना खंबाटकी घाट आहेच. नसेल तर शहरातला उंच उड्डाणपूल चालतो. घसरणारा क्लच सपाटीवर लपतो, चढणीवर पकडला जातो. उतरताना लिव्हर "एल" किंवा मॅन्युअल मोडमध्ये घेऊन इंजिन ब्रेकिंग मिळतं का बघा. शेवटी हलक्या उतारावर गाडी "पी"मध्ये टाकून ब्रेक सावकाश सोडा. पुढे मोकळी जागा असू द्या आणि हात हँडब्रेकवर. दोन-चार इंच सरकून थांबणं ठीक आहे. त्याहून पुढे गेली तर आतलं कुत्रं, म्हणजे "पी"मध्ये गाडी अडवून धरणारा दात, झिजलंय. रोज उतारावर लावणाऱ्यांनी आधी हँडब्रेक आणि मग "पी" अशी सवय लावावी, तेवढ्याने त्याचं आयुष्य वाढतं.

ब्रेक दाबून पूर्ण एक्सलेटर देण्याची "स्टॉल टेस्ट" इंटरनेटवर बघून करू नका. ती फक्त टॉर्क कन्व्हर्टर बॉक्ससाठी आहे, पाच सेकंदांच्या वर नेता येत नाही, आणि नव्या गाड्यांत संगणक इंजिन आधीच आवरतो, त्यामुळे आकड्याला अर्थ उरत नाही. डीसीटी आणि एएमटीत तर सरळ क्लच जळेल.

एएमटी: सगळ्यात जास्त गाड्या, सगळ्यात सोपे दोष

इथे जरा थांबतो, कारण आपल्या रस्त्यांवर एएमटी भरपूर आहेत आणि त्यांच्या मालकांनाच विनाकारण घाबरवलं जातं. आत साधा मॅन्युअल बॉक्स आणि साधी क्लच प्लेट असते. दोष येतो तो क्लचमध्ये, किंवा क्लच चालवणाऱ्या यंत्रात, म्हणजे अ‍ॅक्च्युएटरमध्ये. गिअरची चक्रं क्वचितच मरतात.

क्लच तपासायला मॅन्युअल मोडमध्ये चौथ्या गिअरवर चाळीस-पन्नासच्या वेगाला सपाट, मोकळ्या रस्त्यावर एक्सलेटर पूर्ण दाबा. आरपीएम आणि वेग बरोबर वाढायला हवेत. आरपीएम उसळला आणि वेग मागे राहिला तर क्लच प्लेट संपलीय. चढणीवर हँडब्रेकऐवजी एक्सलेटरने गाडी धरून ठेवणाऱ्यांचा क्लच लवकर जातो. हा बॉक्सचा नाही, पायाचा दोष.

मारुती आणि टाटाच्या एएमटीत अ‍ॅक्च्युएटर तेलाच्या दाबावर चालतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की बॉनेटखालून काही सेकंद झुंई असा आवाज येतो, तो दाब भरणारा पंप. गाडी उभी, गिअर बदलत नाहीये, तरी पंप दर थोड्या सेकंदांनी सुरू होत असेल तर दाब कुठेतरी गळतोय. दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर थकलाय किंवा आतला व्हॉल्व्ह. पंप अजिबात ऐकू येत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले. या यंत्राच्या तेलाची वेगळी छोटी टाकी असते. तिची पातळी दाब भरलेला आहे की सोडलेला यावर बदलते, म्हणून मॅन्युअलच्या पद्धतीनेच मोजा आणि ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका. ह्युंदाईच्या एएमटीत हे काम विजेच्या मोटरने होतं, तिथे पंपाचा आवाज शोधत बसू नये.

सिग्नलला गाडी आपोआप "एन"मध्ये जाते आणि अक्षर लुकलुकतं, ही नेहमीची तक्रार. क्रम असा धरा: बॅटरी, ब्रेक स्विच, अ‍ॅक्च्युएटरच्या तेलाची पातळी, मग कोड. पी०९०० सारखे कोड क्लच अ‍ॅक्च्युएटरच्या वायरिंगकडे नेतात. नवा क्लच बसवल्यावर स्कॅनरने "क्लच लर्निंग" करावंच लागतं, म्हणजे नवा क्लच कुठे पकड घेतो हे संगणकाला शिकवावं लागतं. ते न करता गाडी हातात दिली तर ती पहिल्या गिअरला धक्के देत चालते आणि "दुसराही क्लच खराब निघाला" असं सांगितलं जातं.

डीसीटी आणि सीव्हीटी

डीसीटीत एक सोयीची खूण आहे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या डीक्यू२०० मध्ये एका क्लचवर १, ३, ५, ७ असतात आणि दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. सम गिअर आणि रिव्हर्स एकदम गायब झाले तर दुसऱ्या क्लचची बाजू. विषम गेले तर पहिल्याची. दोन्ही गेले तर क्लच सोडा, दाब आणि वीज बघा, म्हणजे मेकॅट्रॉनिक (बॉक्सचा संगणक आणि तेलाचे व्हॉल्व्ह एकत्र असलेला भाग). फोक्सवॅगनने नोव्हेंबर २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या याच सात गिअरच्या बॉक्ससाठी परत बोलावल्या होत्या. सिंथेटिक तेलामुळे विजेचे बिघाड होऊ शकत होते, म्हणून त्याजागी मिनरल तेल भरण्यात आलं. जुनी डीएसजी गाडी विकत घेताय तर हे काम झाल्याची नोंद मागा. कोरड्या क्लचची डीसीटी रांगेत तापल्याचा इशारा देते तेव्हा दर दोन फुटांना गाडी पुढे ढकलू नका. गाडीभर अंतर सुटू द्या आणि मग एकदाच पुढे घ्या.

सीव्हीटीत थरथर, वेगाबरोबर चढणारी शिट्टी आणि तापल्यावर ताकद आवरली जाणं ही तीन लक्षणं. थरथर हलक्या एक्सलेटरवर कमी वेगात असेल आणि तेल जुनं असेल तर योग्य तेल आणि फिल्टर बदलून बघण्यात अर्थ आहे. चुंबकावर स्टीलचे कण असतील तर पट्टा-पुली गेली, आणि सीव्हीटीची दुरुस्ती आपल्याकडे फार कमी लोकांना जमते. अशा वेळी खात्रीचा वापरलेला बॉक्स की नवा, याच हिशेबावर यावं लागतं.

पाण्यात गेलेली आणि बंद पडलेली गाडी

गिअरबॉक्सला हवा खेळायला एक छोटी नळी असते. गाडी त्या उंचीच्या पाण्यात बुडाली तर पाणी तिथून आत जातं. तुंबलेल्या रस्त्यातून गाडी सुखरूप निघाली तरी बॉक्सचं तेल दुधी झालंय का ते तपासून घ्या, कनेक्टर उघडून वाळवा. पावसाळ्यानंतर स्वस्तात मिळणारी वापरलेली ऑटोमॅटिक घेताना तर हे आधी.

बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरीने ओढत नेऊ नका. इंजिन बंद असताना बॉक्सचा पंप फिरत नाही आणि चाकं फिरली की आत तेलाविना घासाघीस होते. गाडी पूर्ण उचलून नेणारा ट्रकच बोलवा. ढकलून स्टार्ट करायचा विचारही नको.

गॅरेजमध्ये

इथपर्यंतच्या नोंदी हातात असतील तर बोलणं बदलतं. कोडची प्रिंट मागा. टॉर्क कन्व्हर्टर बॉक्सला बाहेरून गेज लावून तेलाचा दाब मोजता येतो. तो न मोजता उतरवायचा निर्णय झाला असेल तर कारण विचारा. अंदाजपत्रकात व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग), क्लच पॅक, कन्व्हर्टर, सील किट आणि मजुरी वेगवेगळे लिहून घ्या. व्हॉल्व्ह बॉडी पुष्कळ बॉक्सांत गाडीखालूनच निघते, त्यासाठी बॉक्स उतरवावा लागत नाही. जळालेलं अस्तर निघालं असेल तर तेलाचा कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या का, हेही विचारा. नाहीतर जुनी घाण नव्या बॉक्समध्ये जाते. बिलावर तेलाचा क्रमांक आणि लिटर हवेत, जुने पार्ट डिकीत हवेत.

गाडी परत मिळाल्यावर मेकॅनिकला शेजारी बसवून वरची रस्त्यावरची चाचणी पुन्हा करा, तापेपर्यंत. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी त्यावर थेंब दिसले किंवा थंड गाडीवर पी०७०० परत आला, तर बिल घेऊन त्याच दिवशी गॅरेज गाठा.